साळूबाईची सराई

१

बाबांचा बिछाना त्या संध्याकाळी पुन्हा ओला झाला आणि धुतलेल्या चादरी संपल्या, म्हणून काडीने जुनं कपाट उघडलं. चादर काही मिळाली नाही. तळाशी, विटलेल्या पडद्याच्या घडीखाली, हाताला कडक काहीतरी लागलं. ओढून काढलं तर ‘साळूबाईची सराई’. पाठ कापडी, कोपरे कुरतडलेले. उंदरांनी कुरतडलेले नव्हते. तिनेच लहानपणी, वाचता वाचता, दातांनी ते काम केलं होतं.

ती तिथेच फरशीवर बसली. आत बाप ओल्यात पडलेला, आणि ही बाई कपाटापुढे मांडी ठोकून पहिलं पान वाचतेय! नंतर तिला त्याची लाज वाटली. पण वाचताना खांदे आपोआप खाली आले, आणि ते इतके दिवस कानांपर्यंत चढलेले होते हे तिला तेव्हाच कळलं.

काडी हे अर्थात कागदावरचं नाव नव्हे. लहानपणी ती इतकी किडकिडीत होती की बाबांनी ते नाव ठेवलं आणि ते चिकटलं. पुढे अंग भरलं, लग्न झालं, मोडलं. “नाव काडी, नशिबात काडीमोड,” असं ती स्वतःच हसून सांगायची, म्हणजे दुसऱ्या कुणाला सांगायला नको. एका मोठ्या दवाखान्यात ती लोकांचे कान तपासायची. माणसाला आवाजबंद खोलीत बसवायचं, कानावर हेडफोन चढवायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे आणि ऐकू आलं की बटण दाबायला सांगायचं. तिथे तिला सगळे मॅडम म्हणत. काडी म्हणणारं माणूस एकच होतं, आणि अर्धांगाच्या झटक्यानंतर त्या माणसाची वाचाच गेली होती.

साळूबाई ही एक साळिंदरीण. टेकडीखाली तिची सराई. प्रत्येक प्रकरणात बाहेर वादळ, दारावर थाप आणि उंबऱ्यावर एक भिजलेला पाहुणा. कधी पोस्टमन ससा, कधी वाट चुकलेली बदकांची जोडी, कधी सर्कस सोडून आलेलं म्हातारं अस्वल. साळूबाई त्याला आत घ्यायची, वाफाळतं सूप द्यायची, कोरडी खोली द्यायची. बस्स, एवढंच पुस्तक. आई गेली त्या वर्षी काडीने ते एकटीने इतक्या वेळा वाचलं होतं की वाक्यं तोंडपाठ झाली होती. तिला वाचून मात्र कुणी दाखवलं नव्हतं. आईला वेळ नसायचा. बाबांना वेळ असायचा तेव्हा बोलायची सवय नव्हती.

शेवटी तिने जुना पडदाच बाबांच्या अंगाखाली घातला.

२

बाबांची खोली बोळाच्या एका टोकाला आणि स्वयंपाकघर दुसऱ्या टोकाला. मधल्या अंतरासाठी काडीने तान्ह्या बाळांसाठी मिळतो तसला बेबी मॉनिटर आणला होता. एक डबी बाबांच्या उशाशी, दुसरी स्वयंपाकघरातल्या फळीवर. आवाज आला की फळीवरच्या डबीवर हिरवे दिवे चढायचे. कांदा चिरताना, भांडी घासताना, चहा पिताना बाबांचा श्वास तिच्या सोबतीला असायचा. खरखर आत, खरखर बाहेर, आणि त्याबरोबर दिवे वर, दिवे खाली.

बाबांना सांभाळणाऱ्या मावशी ती कामावरून आली की निघायच्या. मग घरात ही दोघंच. धाकटा भाऊ दूरच्या शहरात. तो फोन करायचा आणि विचारायचा. जेवले का? औषध घेतलं का? डॉक्टर काय म्हणाले? दवाखान्यात ती दिवसभर विचारायची, घरी धाकटा तिला विचारायचा. तिला काही सांगणारं असं कुणी उरलं नव्हतं.

पुस्तक सापडल्यावर मात्र संध्याकाळला थोडी चव आली. आधी ती मनातल्या मनात वाचायची. मग वाटलं, बाबांना का नाही? त्यांचं तोंड गेलंय, कान थोडेच गेलेत! तिने पलंगाजवळ खुर्ची ओढली आणि मोठ्याने वाचायला लागली. बाबा छताकडे बघत ऐकायचे. आवडतंय की नाही, कळायला मार्ग नव्हता. पोस्टमन सशाचं प्रकरण झालं, बदकं झाली.

अस्वलाच्या प्रकरणात ती दूध गरम करायला उठली. अस्वल दारात उभं आहे आणि नाव विचारलं तरी बोलत नाही, तिथे पुस्तक मिटून तिने खुर्चीवर ठेवलं. स्वयंपाकघरात येऊन गॅस पेटवला. मागे फळीवर दिवे चढले.

“‘नाव नसलं तरी चालेल,’ साळूबाई म्हणाली. ‘भूक आहे ना? मग आत ये.’”

पातेलं गॅसवर ठेवता ठेवता काडीच्या हातून थोडं दूध सांडलं. बाबा! बाबा बोलले! ती बोळातून धावत गेली. बाबा होते तसेच उताणे, तोंड एका बाजूला ओढलेलं, गालावर लाळेचा ओघळ. पुस्तक खुर्चीवर मिटलेलं.

“बाबा, तुम्ही बोललात? पुन्हा बोला ना. बाबा?”

बाबांचे डोळे तिच्याकडे वळले नाहीत. ते खुर्चीकडे बघत होते. दूध मागे उतू जाऊन करपल्याचा वास बोळभर पसरला.

३

काडी आवाजांच्या धंद्यातली. तिने डोकं ताळ्यावर ठेवलं. असली यंत्रं एकमेकांचे आवाज पकडतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. इमारतीत कुठेतरी दुसरा मॉनिटर असणार आणि कुणी आपल्या पोराला वाचून दाखवत असणार. तेच पुस्तक? असेना. एके काळी घराघरांत होतं ते. नेमकी पुढचीच ओळ? इथे मात्र मनात पाल चुकचुकली, पण तिने ती हुसकावली.

खालच्या मजल्यावर एक निवृत्त ट्रकचालक आणि त्याची बायको राहायची. काडीने जाऊन विचारलं.

“आमच्याकडे कुठलं लहान मूल!” चालकाची बायको म्हणाली. “हा एवढा घोडा तेवढा आहे, तो मॉनिटरशिवायच ऐकू येतो.” आतून चालक खो खो हसला. वरचं घर रिकामं होतं. शेजारचंही.

मग तिने बाबांच्या बोलण्याच्या व्यायामासाठी येणाऱ्या मुलीला बोलावून घेतलं. ती नुकतीच शिकून आलेली, गोड, धीराची. तिने बाबांची जीभ, घसा, ओठ सगळं तपासलं. ‘आ’ म्हणायला लावलं. बाबांच्या गळ्यातून नुसती हवा आली.

“मॅडम, एक शब्द जरी आला असता तर मीच पेढे वाटले असते,” ती हळूच म्हणाली. “पण अख्खं वाक्य? नाही हो. तुम्ही झोपता तरी का नीट?”

सगळे हेच विचारत होते.

दुसऱ्या दिवशी मावशी निघताना चपला घालता घालता म्हणाल्या, “ताई, ते गोष्टीचं रेकॉर्ड करून ठेवलंत ते फार छान केलंत बघा. दुपारभर बाबा अगदी शांत असतात.”

काडीने पर्स खाली ठेवली. “कसलं रेकॉर्ड, मावशी?”

“अहो, ते अस्वलाचं नाही का! मी आपली गॅलरीत कपडे वाळत घालताना ऐकते. मेलं ते अस्वल लई गुणाचं.” मावशी हसल्या. मग काडीच्या तोंडाकडे बघून थांबल्या. “तुमचाच आवाज ना तो?”

“माझ्यासारखा वाटतो का?”

मावशींनी विचार केला. “आता तुम्ही विचारल्यावर… सांगता नाही यायचं. पण घरातल्याच माणसाचा आहे. परक्याचा असता तर कळलं असतं की.”

४

त्यानंतर काडीने बाबांच्या खोलीत वाचणं सोडलं. बाबांनाच ते नको होतं. तिने पुस्तक उघडलं की ते डोळे घट्ट मिटून घ्यायचे. ती मुकाट्याने त्यांची कूस बदलायची, पाठीला पावडर लावायची, दार अर्धवट लोटून स्वयंपाकघरात यायची. थोड्या वेळाने वाचन सुरू व्हायचं.

घाबरायला हवं होतं, आणि पहिले काही दिवस ती घाबरलीही. पण माणूस कशालाही सरावतो. आवाज चांगला होता हो! ना बाईचा म्हणता यायचा, ना पुरुषाचा. घाई नाही, नाटकीपणा नाही. पाहुणा भिजलेला असला की आवाजच ओलसर व्हायचा, सूप आलं की ऊब यायची. काडी भाजी निवडत बसायची आणि मध्येच हात थांबायचे. कुणीतरी सांगतंय आणि आपण नुसतं ऐकतोय, हे सुख तिने लहानपणीसुद्धा भोगलं नव्हतं. दवाखान्यातून ती आता लवकर सटकायला लागली. धाकट्याचा फोन मध्येच आला तर तुटकपणे उरकायला लागली.

एकदा तो म्हणाला, “ताई, टीव्ही बारीक कर गं, काही कळत नाहीये.”

“टीव्ही बंद आहे,” ती म्हणाली.

“मग कोण बडबडतंय?”

“शेजारी आहेत,” काडी म्हणाली. खोटं इतकं सहज आलं की तिचं तिलाच नवल वाटलं.

सवय कामाची, म्हणून ती केवळ गोष्ट ऐकत नव्हती, आवाजही ऐकत होती. एका संध्याकाळी तिला खटकलं ते काय, ते कळलं. वाचणारा श्वास घेत नव्हता. माणूस कितीही सफाईने वाचो, वाक्याच्या शेवटी, स्वल्पविरामाला, कुठेतरी हवा आत ओढतो. तिने डबी कानाला लावली. श्वास एकच होता, बाबांचा, खरखर आत, खरखर बाहेर. आवाज त्याच्या वरून वाहत होता, अखंड, जसा नळ सोडून ठेवावा.

पण वाक्य संपलं की तो थांबायचा. श्वासासाठी नव्हे. वाट बघायचा. आणि मग फार बारीक, घशाच्या तळातून, बाबा म्हणायचे:

“हं.”

हुंकार! गोष्ट ऐकणाऱ्याने द्यायचा असतो तसा. हुंकार मिळाला की गोष्ट पुढे.

काडी उठून दारापाशी गेली. फटीतून बघितलं. आवाज मागे डबीतूनच येत होता. पलंगाजवळ खुर्ची, रिकामी. बाबांची मान तिकडे वळलेली, कपाळावर घाम. ‘आ’ म्हणताना ज्या गळ्यातून हवाच आली होती, तो गळा ताणून ताणून ते हुंकार देत होते. ओझं डोक्यावर घेऊन चढण चढणाऱ्या माणसासारखे ते दिसत होते.

५

पुस्तक संपलं. शेवटच्या प्रकरणात वसंत येतो, वादळं थांबतात, पाहुणे निरोप घेतात आणि साळूबाई दारात उभी राहून हात हलवते. आवाजाने ते वाचलं. काडीचे डोळे भरून आले, लहानपणी यायचे तसे. तिने पदराने नाक पुसलं आणि वाटलं, झालं, आता संपेल.

“पण वाटेत पाहुण्यांना पुन्हा गारठा लागला,” आवाज म्हणाला, “आणि ते एकेक करून परत आले.”

बाबा म्हणाले, “हं.”

काडीने पुस्तक आणून बघितलं. हात हलवणाऱ्या साळूबाईच्या चित्रानंतर कोरं पान होतं आणि मग पुठ्ठा. आवाज पुढे चालूच. पाहुणे परत आले. साळूबाईने दाराला आतून कडी घातली. आता कुणी सूप मागत नव्हतं. सगळे आपापल्या खोलीत उशीवर डोकं ठेवून ऐकत होते. काय ऐकत होते ते आवाजाने सांगितलं नाही.

सकाळी ती पुस्तक दवाखान्यात घेऊन गेली आणि टेबलाच्या खणात कुलूपबंद केलं. दिवसभर लोकांच्या कानांत आवाज सोडताना तिचं लक्ष लागेना. संध्याकाळी घरात पाऊल टाकलं तर फळीवरच्या डबीत वाचन चालू होतं. मावशी निघायच्या घाईत म्हणाल्या, “आज सकाळपासनं लावलंय का हो? बाबा दमल्यासारखे वाटतात.”

त्या गेल्या. काडी आत शिरली. ती आत आली की नेहमी होतं तसं सगळं गप्प झालं. बाबा खरंच दमले होते. गाल आत गेले होते, ओठांना भेगा पडल्या होत्या. तिने चमच्याने पाणी पाजलं, मग पलंगाच्या कडेला बसली. मुद्दामच खुर्चीवर बसली नाही.

“बाबा, एकदा डोळे मिटले तर हो. दोनदा मिटले तर नाही. कळलं?”

बाबांनी डोळे मिटले, उघडले.

“इथे कुणी येतं?”

हो.

“ओळखीचं आहे?”

बाबा तिच्याकडे बघत राहिले. डोळे ना एकदा मिटले, ना दोनदा.

“तुम्हाला त्रास होतो? मी… मी बंद करू का ते? मॉनिटर काढून टाकू?”

तेव्हा बाबांचा चालणारा हात पांघरुणातून बाहेर आला. तिला वाटलं, जवळ घेतील. हात तिच्या दंडावर आला आणि त्याने ढकललं. दाराकडे. पुन्हा ढकललं. त्या हातात इतकं बळ शिल्लक असेल असं तिला वाटलं नव्हतं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि हात ढकलत होता.

“बरं, बरं! जाते!” काडी उठली. सगळं बाजूला ठेवून, नोकरी सांभाळून ह्यांचं करायचं, आणि ह्यांना ती डोळ्यांसमोर नको. तिने दार लोटलं, जरा जोरातच.

त्याच आठवड्यात धाकट्याने फोनवर सांगितलं की वृद्धाश्रमात जागा मिळाली आहे. “चांगली जागा आहे, ताई. नर्स असतात, डॉक्टर असतात. शनिवारी गाडी येईल. तू किती दिवस एकटी ओढणार?”

काडी एरवी भांडली असती. “येऊ दे,” ती म्हणाली. फोन ठेवल्यावर तिच्या मनात आलं ते बाबांचं नव्हतं. बाबा गेले की वाचन त्यांच्याबरोबर जाईल का, हे आलं. तिने गार पाण्याने तोंड धुतलं, तरी तो विचार गेला नाही.

६

शुक्रवारी संध्याकाळी ती बाबांचं जेवण मिक्सरमधून पातळ करून घेत होती. बाहेर अजून उजेड होता. खाली मुलं सायकली फिरवत होती, चालकाच्या घरी कुकरची शिट्टी होत होती. बाबांची कपड्यांची बॅग दारापाशी भरून ठेवलेली.

मिक्सर थांबला तेव्हा वाचन अर्ध्यावर आलेलं होतं.

“…आणि म्हाताऱ्या अस्वलाने विचारलं, ‘आता मी झोपू का?’”

बराच वेळ गेला. “हं.” इतकं क्षीण की हिरवा दिवा एकच लुकलुकला.

“साळूबाई म्हणाली, ‘झोप. पुष्कळ ऐकलंस.’”

काडी वाटी हातात घेऊन उभी राहिली. हुंकार आला नाही. ती थांबली. खरखर आत, आणि मग बाहेर आलीच नाही. फळीवरचे दिवे सगळे विझले. मॉनिटर चालू असल्याची बारीक गुणगुण तेवढी राहिली.

असला शांतपणा काय असतो हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तिने वाटी ओट्यावर ठेवली. “बाबा,” म्हणाली, आणि पाऊल उचलून बोळाच्या तोंडाशी आली.

दार उघडं होतं. मघाशी तिने ते लोटलेलं होतं. बोळाच्या त्या टोकाला पलंगाचा पायथा दिसत होता, बाबांची पावलं दिसत होती, पांघरुणाखाली सरळ झालेली. आणि खुर्ची दिसत होती. खुर्ची नेहमी पलंगाकडे तोंड करून असायची. आता तिने पलंगाकडे पाठ केली होती. तिचं तोंड बोळाकडे होतं, स्वयंपाकघराकडे. बसण्याची जागा रिकामी होती. गादी मात्र मधोमध दबलेली होती आणि काडी बघत असताना ती हळूच फुगून वर आली, कुणी उठल्यासारखी.

ओट्यावर फोन वाजायला लागला. धाकटा. उद्याच्या गाडीचं विचारायला असणार. काडी मागे सरकली आणि फोन हातात घेतला. काय सांगायचं ते तिला माहीत होतं: बाबा गेले रे, लगेच नीघ. पुढे काय करायचं तेही माहीत होतं. डॉक्टरांना बोलवायचं, चालकाच्या बायकोला हाक मारायची, दाराबाहेर पडायचं. आधी दाराबाहेर पडायचं.

“आणि मग सराईतली एक खोली रिकामी झाली,” आवाज म्हणाला.

फळीवरचे दिवे चढले नाहीत. एकही नाही.

आवाज बोळातून आला होता. इतका जवळून, मध्ये यंत्र नसताना, तिने तो कधीच ऐकला नव्हता. त्यात मॉनिटरची खरखर नव्हती, बाबांची खरखर नव्हती. गरम, सावकाश, लाघवी आवाज. वाक्य संपलं आणि तो वाट बघत राहिला.

फोन वाजत होता. बाबांचा हात तिला आठवला, दंडावरचा, ढकलणारा, आणि काहीतरी उमगल्यासारखं झालं. ते पुरतं उमगू द्यायचं तिचं धैर्य झालं नाही. फोन थांबला. घर एवढं मोठं आणि रिकामं तिला कधी वाटलं नव्हतं. उद्या गाडी यायची नाही. परवा मावशी यायच्या नाहीत. धाकटा येईल, रडेल, विचारेल, जाईल. मग ही फळी, हा ओटा, हा बोळ, आणि ती.

“आणि मग,” आवाज पुन्हा म्हणाला, ऐकणाऱ्याचं लक्ष नसलं की न रागावता पुन्हा सांगावं तसा, “सराईतली एक खोली रिकामी झाली.”

फोन परत वाजला. काडीने तो पालथा करून ओट्यावर ठेवला. एवढं प्रकरण संपलं की उचलीन, तिने स्वतःला सांगितलं. एवढंच प्रकरण. तिने स्टूल ओढलं, बोळाकडे तोंड करून बसली आणि हात मांडीवर घेतले.

“हं,” ती म्हणाली.